स्टेम सेलचे विज्ञान, बाजार आणि आमची मुले

स्टेम सेल, म्हणजेच मूलपेशी, हा शब्द आज जाहिरातींतून, प्रसूतिगृहांच्या भिंतींवरून आणि मोबाईलवरील संदेशांतून आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचला आहे. मूल बोलत नाही, स्टेम सेल द्या. मधुमेह आहे, स्टेम सेल घ्या. कंबरेखालचे अंग लुळे पडले, त्यावरही स्टेम सेल! अशा वेळी या विज्ञानाने खरोखर बरे कोण होते आणि त्याच्या नावावर लुबाडले कोण जाते, हे समाजाने नीट समजून घेतले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बोरीवलीतच आहे. बोरीवली पूर्वेला मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया, बालकर्करोग आणि बोन मॅरो प्रत्यारोपण केंद्र चालते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मुलांच्या रक्तविकारांवर अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. ममता मंगलानी यांचे नाव या केंद्राशी जोडले गेले आहे. थॅलेसेमियाच्या मुलाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही आयुष्यभर. त्या रक्तातील लोह हृदयात आणि यकृतात साचत जाते आणि ते काढण्यासाठी रोजची औषधे घ्यावी लागतात. यातून कायमचे सुटण्याचा जुना आणि सिद्ध झालेला मार्ग म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. तीव्र औषधांनी मुलाची सदोष मज्जा नष्ट करतात आणि जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी रक्ताच्या बाटलीप्रमाणे शिरेतून देतात. त्या हाडांत जाऊन रुजतात आणि निरोगी रक्त तयार करू लागतात.

हे ज्ञान कालचे नाही. 1983 साली मुंबईच्याच टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या माणसाने हे काम केले, हेही लक्षात ठेवावे. स्टेम सेलचा भक्कम पाया हा असा आहे. बाकी बरेच काही अजून प्रयोगशाळेत आहे किंवा चाचणीच्या टप्प्यावर आहे.

पण बाजाराला थांबायला वेळ नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट बजावले, की रक्ताच्या मान्य आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडून स्टेम सेलचा अन्य वापर रीतसर चाचणीतच करावा. पुढे एखाद-दुसऱ्या उत्पादनाला ठरावीक आजारापुरती परवानगी मिळाली, परंतु त्यामुळे गल्लोगल्लीच्या दवाखान्यांना मोकळे रान मिळालेले नाही. स्वमग्न मुलांवर स्टेम सेल वापरू नये, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही डिसेंबर 2022 मध्ये सांगितले. 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांप्रमाणे स्टेम सेलपासून बनवलेले उत्पादन हे 'नवीन औषध' ठरते. त्याच्या चाचणीला औषध नियंत्रकांची आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, रुग्णाची लेखी संमती लागते आणि इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. म्हणून कोणी लाखभर रुपये मागून सुई टोचायला निघाला, तर आधी मंजुरीचा कागद मागा. हा प्रयोग आहे की उपचार, हे लेखी मागा. प्रयोग असेल तर पैसे कशाचे, हे विचारा. पावती जपून ठेवा. फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

नाळेच्या रक्ताच्या खासगी बँकांचेही तसेच. बाळाच्या भविष्याचा विमा म्हणून गरोदर बाईच्या घरच्यांकडून हजारो रुपये घेतले जातात. पण बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या नाळेच्या रक्तातही तोच दोष असतो! स्वतःच्याच पेशींनी त्याचा तो रोग कसा बरा होणार? आजारी भावंडासाठी ते रक्त उपयोगी पडू शकते, ती गोष्ट वेगळी. केवळ पुढे कधी स्वतःला लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे संशोधन परिषदेनेच म्हटले आहे.

आता आमच्या घरातला प्रश्न. विदर्भातील बौद्ध समाजात आणि गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासींत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. पोटासाठी मुंबईला आलेली अनेक कुटुंबे हा वारसा सोबत घेऊन आली आहेत. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः निरोगी असतो, त्यात कलंक काही नाही. मलेरियाच्या प्रदेशात या गुणाने माणसे वाचवली म्हणूनच तो टिकला.

परंतु तो त्याच त्या घरांत फिरत का राहिला? जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, असे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात मांडले. त्या बंद दाराचा हिशेब आज रक्ताच्या तपासणीतही दिसतो. सख्ख्या भावंडाशी पेशी जुळण्याची शक्यताही चारात एकच. भावंड जुळले नाही तर बाहेरचा दाता शोधावा लागतो आणि तो बहुधा त्याच वंशसमूहात सापडतो. जगभरात 4 कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे, भारतात ती काही लाखांचीच. त्यात आमची नावे किती? आम्ही नोंदणी केली नाही, तर आमच्या मुलाला जुळणारा दाता यादीत कुठून येणार?

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने सिकलसेलवर कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांच्या जनुकात बदल करतात आणि त्या परत देतात. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 18 कोटी रुपये! इकडे केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी हवीच, पण आजारी निघालेल्या मुलाच्या हातात रंगीत कार्ड देऊन सरकारची जबाबदारी संपते काय? सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेचे 47 वे कलम सांगते. पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात तातडीच्या उपचारांबाबत बजावले. तोच न्याय या मुलांना का नको?

बोरीवलीसारखे प्रत्यारोपण केंद्र महापालिका चालवू शकते, तर तशी सरकारी केंद्रे पुरेशा खाटांसह विदर्भात आणि नंदुरबारजवळ हवीत, ही आमची मागणी आहे. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात गरोदर स्त्रीची सिकलसेल आणि थॅलेसेमिया तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच झाली पाहिजे. आणि 14 एप्रिलला आम्ही जी रक्तदान शिबिरे भरवतो, तिथे दाता नोंदणीचे एक टेबल मांडावे. गालाच्या आतून फिरवलेला एक कापसाचा बोळा पुरतो. पुढे खरेच कोणाशी जुळले तर पाच दिवस इंजेक्शने आणि नंतर रक्तदानासारखेच काही तास. तरुणांनी यंदा हे काम हाती घ्यावे.