गोळीचं वजन, पेशंटच्या माथी

आपल्याकडे माणूस अंगानं भरला की तो 'सुधारला' म्हणतात. वाशिमच्या बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हे हमखास कानावर येतं : "काय गा, लयच सुधरला!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. नापिकी आणि टंचाई पाहिलेल्या मुलखात अंगावर मांस चढणं ही बरकतीची खूण मानली जायची. पण बायपोलरच्या गोळ्या घेणाऱ्या पोराला पुढचं वाक्यही ठाऊक असतं. सहा महिन्यांनी हीच माणसं म्हणणार असतात : "काम ना धंदा, नुसता खाते अन् झोपते."

आधी कौतुक, मग टोमणा. दोन्ही वेळा हिशेब त्याच्याच नावावर. त्याचं वजन वाढण्यात रोज रात्री घेतलेल्या गोळीचा मोठा हात आहे, हे घरात कुणी बोलत नाही. पुष्कळदा दवाखान्यातही कुणी बोललेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. औषधामुळे वाढलेलं वजन हा उपचाराचा भाग आहे, त्यामुळे ते सांभाळणं ही उपचार देणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. "कमी खा, चालत जा" असं सांगून पेशंटला वाटेला लावणं म्हणजे सल्ला नव्हे, अंग काढून घेणं आहे.

आधी गोळ्यांचं बघू. बायपोलरमध्ये मन दोन टोकांना जातं : कधी उन्माद, कधी खोल नैराश्य. ही टोकं आवरायला जी औषधं देतात, त्यांतली बरीच वजन वाढवतात. ओलान्झापिन त्यात सगळ्यात पुढे. क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट, लिथियम, रिस्पेरिडोन कमी-अधिक त्याच रांगेत. लॅमोट्रिजिन सहसा वजनाला हात लावत नाही, ॲरिपिप्राझोल आणि लुरासिडोन त्या मानानं सौम्य. म्हणजे सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. निवडीला जागा असते आणि जिथे निवड असते तिथे पेशंटशी बोलणंही असायला हवं.

वजन वाढतं कसं? पोट भरलं हा निरोप मेंदूत पोचवण्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचा वाटा असतो. ओलान्झापिनसारखं औषध नेमकं त्यांचंच दार अडवतं. दोन भाकरी खाऊनही निरोप पोचत नाही. रात्री गोळी घेतल्यावर जी भूक उठते ती जिभेचे चोचले नसतात. डबा उघडून चिवडा, पाव, साखर, हाताला लागेल ते खाल्लं जातं. त्यात सुस्ती येते. सकाळी अंग उठत नाही, शेतात जाणारा शेतात जात नाही, कॉलेजचा पहिला तास बुडतो. काही औषधं तर खाण्याचं प्रमाण बाजूला ठेवूनही इन्सुलिनचं काम बिघडवतात. लिथियमची गंमत वेगळी : तहान इतकी लागते की माणूस दिवसभर काहीतरी पीतच राहतो. आपल्याकडे तहानेला चहा, उसाचा रस आणि थंडाची बाटली हजर असते. अडीचशे मिलीच्या एका कोल्ड्रिंकमध्ये पाच-सहा चमचे साखर असते.

अशा माणसाला "तोंडावर ताबा ठेव" म्हणणं म्हणजे जुलाबाचं औषध देऊन वर "सारखा काय जातोस?" असं विचारण्यासारखं आहे.

हे सगळं वैद्यकशास्त्राला नवीन नाही. २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचाराच्या संघटनांनी एकत्र बसून ठरवून दिलं : अशी औषधं सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि चरबी तपासा. वजन पुन्हा ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी घ्या. मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर औषध बदलण्याचा विचार करा. ६० किलोच्या मुलीसाठी ही रेघ ६३ किलोवर येते. तीन किलो! आपल्याकडे पंधरा किलो वाढेपर्यंत केसपेपरवर वजनाचा आकडाच सापडत नाही, असे किती केसपेपर तुमच्या घरात आहेत ते काढून बघा.

उपायही माहीत आहेत. २००८ मध्ये चीनमधला एक अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. स्किझोफ्रेनियाचे १२८ रुग्ण होते, याच जातीच्या औषधांनी वजन वाढलेले. बारा आठवड्यांत, ज्यांना नुसती नकली गोळी दिली त्यांचं वजन सरासरी ३.१ किलोनं आणखी वाढलं. ज्यांना फक्त आहार-व्यायामाची मदत दिली त्यांचं १.४ किलो उतरलं. ज्यांना मेटफॉर्मिन दिलं त्यांचं ३.२ किलो, आणि दोन्ही दिलं त्यांचं ४.७ किलो. म्हणजे चालण्याचा उपयोग आहे, पण एकट्या चालण्यावर सोपवून मोकळं होण्याइतका नाही. आणि मेटफॉर्मिन म्हणजे काय? मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी, जी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. ती प्रत्येकाला चालते असं नाही, मूत्रपिंड बघावं लागतं, डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. पण विषय तरी निघायला हवा ना?

यावर डॉक्टर मंडळींचं एक म्हणणं असतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, ओपीडीत रांग दाराबाहेर गेलेली असते, एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात. समोरचा चार रात्री झोपलेला नाही, शेत विकायला निघालाय किंवा जिवावर उठलाय. तेव्हा आधी जीव वाचवायचा की कंबर मोजायची? शिवाय वजन वाढेल असं आधीच सांगितलं तर तो गोळी घेणारच नाही.

पहिला मुद्दा मान्य. पेटलेल्या घरात भिंतीचा रंग कुणी बघत नाही. पण आग विझल्यावरही वर्षानुवर्षं तेच उत्तर चालत नाही. बायपोलरचा उपचार बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावा लागतो. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेच मृत्यू आत्महत्येनं नव्हे तर हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी होतात. कंबर मोजणं हेही जीव वाचवणंच आहे. त्याला डॉक्टरांची पाच मिनिटं लागत नाहीत, सिस्टरचं एक मिनिट आणि शिंप्याकडची टेप पुरते. आपल्या लोकांसाठी रेघही ठरलेली आहे : पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०.

दुसरा मुद्दा मात्र साफ चुकीचा आहे. न सांगितल्यानं पेशंट गोळी घेत राहतो, हा भ्रम आहे. डॉक्टर सांगत नाहीत ते आरसा सांगतो. जीन्स चढत नाही, वर्गातली पोरं नाव ठेवतात, मग तो गुपचूप एक दिवस सोडून एक दिवस गोळी घेऊ लागतो, मग सोडतो. आजार उलटतो आणि घरचे म्हणतात, "गोळ्या काही लागू पडल्या नाहीत." लपवल्यानं विश्वास गेला, आणि मानसिक आजारात विश्वास गेला की उपचार गेलाच.

शिवाय हा डॉक्टरांच्या मर्जीचा प्रश्नच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार प्रस्तावित उपचार आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम, पेशंटला समजेल अशा भाषेत जाणून घेणं हा त्याचा हक्क आहे. वाशिममध्ये ती भाषा मराठी असेल, वऱ्हाडी असेल, गोरमाटी असेल, उर्दू असेल. पाकिटातल्या बारीक इंग्रजी कागदानं हा हक्क भागत नाही.

माहिती दडवल्यानं काय होतं याचा मोठा नमुनाही जगानं पाहिलाय. ओलान्झापिन विकणाऱ्या एली लिली या अमेरिकी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २००६ साली न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केली. वजन आणि रक्तातल्या साखरेचा धोका कंपनीनं डॉक्टरांपुढे कमी करून मांडला, असं त्या बातमीत होतं. २००९ मध्ये या औषधाच्या बेकायदा प्रचाराबद्दल कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि एकूण १.४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम भरायचं मान्य केलं. औषध तेव्हाही उपयोगी होतं, आजही आहे. उपयोगी औषधाबद्दल खरं बोलता येत नाही, हे मानणंच घातक आहे.

आता घराकडे वळू. मुलगी असेल तर हिशेब दुप्पट कडक होतो. आजार लपवायचा, गोळ्या लपवायच्या, आणि वाढलेलं अंग तर लपत नाही. मग स्थळ येण्याआधी "दोन महिने गोळ्या बंद करून बघू" असा ठराव घरातच मंजूर होतो. त्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं की व्हॅल्प्रोएटनं पाळीही बिघडू शकते. या औषधावर गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून तरुण मुलींना ते देणं शक्यतो टाळायला सांगतात. तिला दुसरं औषध मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. घरच्यांनी स्थळाची चिंता जरूर करावी, पण आधी तिला घेऊन डॉक्टरांसमोर बसावं.

आणि ही पोकळी भरायला बाजार टपलेलाच आहे. तालुक्याच्या गावी शेक पाजणारी दुकानं निघालीत, मोबाइलवर पंधरा दिवसांत दहा किलो उतरवणारे दादा आहेत, "केमिकलच्या गोळ्या फेका" म्हणणारे बाबा आहेत. इथे चूक जिवावर बेतते. लिथियम घेणाऱ्यानं एकदम मीठ तोडलं, निर्जळी उपास धरला, उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलं, तर मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकेनासं होतं आणि रक्तात त्याचं विष होतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोबडी वळणं ही त्याची लक्षणं. अंग दुखतं म्हणून दुकानातून घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही हेच करू शकते. विदर्भातला मे महिना, जिमचा पहिला आठवडा, वर पेनकिलर : लिथियमवाल्या पोरासाठी हे तिन्ही एकत्र येणं भयंकर आहे. नवरात्र असो की रमजान, उपासाआधी डॉक्टरांना विचारणं म्हणजे श्रद्धा कमी होणं नव्हे.

मग मागायचं काय? वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरचं प्रमाण साधारण हजारी तीन निघालं होतं. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण तोच आकडा धरला तर या जिल्ह्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं भरतात. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम : सहाही तालुक्यांत ती आहेत, आपापल्या घरात गप्प बसलेली. शेतकरी आत्महत्यांमुळे सरकारनं २०१५ मध्ये ज्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला त्यात वाशिम आहे. म्हणजे इथल्या माणसाचं मन मोडतं हे शासनाला मान्य आहे. २०२४ पासून वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. विशेष उपचारासाठी दर वेळी ८० किलोमीटरवरच्या अकोल्याची एसटी धरायची वेळ आता तरी कमी व्हायला हवी.

त्या महाविद्यालयाकडे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे मागणी साधी आहे. मनोविकाराच्या प्रत्येक केसपेपरवर वजन आणि कंबर यांचा रकाना हवा. पहिल्या तीन महिन्यांत ठरल्या वेळी मोजमाप हवं. साखर, चरबी, थायरॉइड आणि लिथियमची रक्तपातळी या तपासण्या जिल्ह्यातच व्हाव्यात. आणि औषध बदलायचं तर दुसरं औषध सरकारी दवाखान्यात मिळायला हवं. कलम १८ नुसार अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत फुकट मिळायला हवीत. ओलान्झापिन हाताशी आहे म्हणून सगळ्यांना ओलान्झापिन, असं होता कामा नये. वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली, महिन्याला हजारो रुपयांची. त्यांची चर्चा शहरांना करू द्या. आपण आधी वजनकाटा मागू.

तुम्ही स्वतः या गोळ्या घेत असाल तर एक गोष्ट पक्की धरा : मनानं गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केल्यावर आजार जोरात उलटू शकतो, आणि लिथियम तर आत्महत्येपासून वाचवणारं औषध म्हणून ओळखलं जातं. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी वजन करा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. तहानेला साधं पाणी. गोळीनंतरच्या भुकेसाठी फुटाणे, काकडी, ताक आधीच काढून ठेवा. पुढच्या भेटीत तो आकडा डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा : हे या गोळीनं झालंय का? कमी वजन वाढवणारं दुसरं औषध मला चालेल का? मेटफॉर्मिनचा विचार करता येईल का? रक्त कधी तपासायचं? आणि "सोडून द्यावं सगळं" असं वाटलंच, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पेशंट नसाल, तर तुमच्याकडून एकच अपेक्षा. ओळखीचं कुणी जाड झालेलं दिसलं तर त्याच्या अंगावर बोलू नका. चहा सांगा, बिनसाखरेचा चालेल का ते विचारा, आणि पिकाचं, परीक्षेचं, क्रिकेटचं बोला. रोज रात्री एक गोळी गिळून तो स्वतःला सावरतोय. तेवढं काम त्याला पुरेसं आहे.