द्राक्षासवातील मनुका आणि अवशेषांची कसोटी

महाराष्ट्रातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची निर्यातीपूर्वी कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी तपासणी होते. त्याच सांगली-नाशिकच्या द्राक्षांचा मनुका होऊन द्राक्षासवासाठी आमच्या औषधनिर्माणशाळांत येतो, तेव्हा तो बहुधा रंग, चव आणि ओलावा पाहूनच स्वीकारला जातो. परदेशी ग्राहकाच्या फळाला लागणारी कसोटी आपल्या रुग्णाच्या औषधाला लागू नये, ही विसंगती आम्हास खटकते.

औषधिद्रव्य कृमी, विष, शस्त्र इत्यादींनी दूषित झालेले नसावे, असे सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ३६व्या अध्यायात सांगितले आहे. त्यातील विष आज फवाऱ्यातून येते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो मनुका होतो. पाणी उडून जाते, परंतु सर्व अवशेष त्याबरोबर जातातच असे नाही. त्यामुळे ताज्या फळात अल्प असलेले प्रमाण मनुक्यात वाढलेले आढळू शकते. धुण्याने वरवरचा अंश काही प्रमाणात जातो, आंतरप्रवाही औषधांचा जात नाही.

आसवाची मात्रा ती किती, तिच्यातून असे काय पोटात जाणार, असा प्रश्न काही वैद्यबंधू करतात. अवशेष आढळला म्हणजे अपाय झालाच असे नव्हे, हे आम्हासही मान्य आहे. पण मोजल्यावाचून 'अल्प' म्हणण्याचा अधिकार कोणास?

हे मोजमाप आज मास स्पेक्ट्रोमेट्रीने होते. नमुना वाटून अॅसिटोनायट्राइलमध्ये त्याचा अर्क काढतात व क्रोमॅटोग्राफीने त्यातील घटक वेगळे करतात. मग घटकांना विद्युतभार देऊन ठराविक वस्तुमानाचे आयन निवडतात, ते फोडतात आणि त्यांचे तुकडे पुन्हा मोजतात. घटक स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, तुकड्यांचे वस्तुमान आणि त्यांचे परस्पर प्रमाण जुळले, तरच ओळख पक्की मानली जाते. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम, इतका अंशही अशा यंत्राने सापडू शकतो. आपल्या निर्माणशाळांतील टीएलसीची काचपट्टी वनस्पतीची ओळख पटविण्यास उत्तम आहे, परंतु हे काम तिचे नव्हे.

मात्र यंत्रावर भाबडा विश्वासही नको. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या परिचयाचे 'सीसीसी', आढळल्याने युरोपात मोठा गोंधळ उडाला. ते वाढनियंत्रक तेव्हा आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते. ते अत्यंत ध्रुवीय असल्याने नेहमीच्या बहुअवशेष पद्धतीत सहज सापडतही नाही, त्यासाठी अर्क काढण्याची रीत वेगळी लागते. तात्पर्य, 'आढळले नाही' या शब्दांचा अर्थ शोधयादी पाहिल्याशिवाय लागत नाही.

मनुक्याच्या पुढे गेलो की अडचण वाढते. हिरडा, अडुळसा, गुग्गुळ यांतील टॅनिन, हरितद्रव्य व राळ यंत्रात आयन तयार होण्यास अडथळा करतात आणि अवशेष असूनही कमी दिसतो. फळभाजीसाठी सिद्ध केलेली पद्धत हिरड्यास तशीच लावणारा अहवाल आम्ही स्वीकारू नये. सिद्ध तेलांबाबत तर अधिकच सावध राहावे, कारण स्नेहात विरघळणारी कीटकनाशके तेलात उतरतात.

असे यंत्र लहान औषधनिर्मात्याच्या आवाक्यातले नाही, त्याची किंमत कोटींत जाते. म्हणून आमची सूचना अशी, की एका जिल्ह्यातील औषधनिर्मात्यांनी हंगामात मनुक्याचा एकच लॉट मिळून घ्यावा व त्याचीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून खर्च वाटून घ्यावा. निरनिराळ्या व्यापाऱ्यांचे नमुने एकत्र मिसळून एकच अहवाल मागविण्याची काटकसर करू नये, तसे केल्यास दूषित मालाचा दोष चांगल्या मालात विरून जातो. अहवालात तपासलेल्या द्रव्यांची यादी, प्रत्येकाची मोजमापाची किमान मर्यादा आणि पद्धत कोणत्या द्रव्यावर सिद्ध केली, हे तिन्ही लेखी मागावे. बागायतदाराकडून फवारणीची नोंदवही मिळाली तर शोधयादी ठरविणे सोपे जाते. निर्यातदार ती मागतातच.

२००४ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकाने बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली. मनुक्याच्या बाबतीत आम्ही तशा बातमीची वाट पाहू नये. येत्या हंगामाची खरेदी माघ-फाल्गुनानंतर सुरू होईल. संयुक्त खरेदीस तयार असलेल्या सभासदांनी तत्पूर्वी आपली मागणी संघटनेकडे कळवावी.