बागुलबुवाला रजा द्या!

"जेव, नाहीतर बागुलबुवा येईल!" आजी, मावशी, काका, रागावू नका, पण दोन वर्षांच्या पोराला ही भीती आपणच घालतो आणि रात्री ते दिवा मालवू देत नाही, तेव्हा त्यालाच 'भित्रा' म्हणतो. हा कुठला न्याय?

मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली लिहून ठेवलंय: सशाला घाबरणारा तीनेक वर्षांचा पीटर आवडीचा खाऊ खात असताना त्या पिंजरा हळूहळू जवळ आणत गेल्या. शेवटी पोरगं सशाशी खेळू लागलं. ना दटावणी, ना थट्टा.

मिक्सरचंही तसंच करा की! आधी बंद मिक्सरला हात लावू द्या, मग दुसऱ्या खोलीतून आवाज, मग कडेवर घेऊन जवळून. वेळ लागतो, मान्य. पण घाई कुणाला आहे, त्याला की आपल्याला?

असो. आमच्या घरी तरी बागुलबुवाची नोकरी संपली.