कुत्र्याचं औषध ‘सेफ’ आहे का?

पाऊस सुरू झाला की आमच्या मानपाड्यात दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला : गोचिडीची ती नवी गोळी कुत्र्याला देऊ नका, फिट येऊन कुत्रं मरतं. दुसरा : महागड्या गोळ्यांची गरज नाही, गुरांचं इंजेक्शन अर्धा एमएल टोचा, महिनाभर गोचीड फिरकत नाही. गंमत अशी, की दोन्ही मेसेज कधीकधी एकाच ग्रुपवर, एकाच संध्याकाळी येतात. दोन्हींखाली ‘थँक्यू’ लिहिणारी माणसंही तीच असतात.

मुस्लिम बाईनं कुत्र्यांच्या औषधावर लिहावं, याचं काही वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे कुत्र्याचा विषय निघाला की चर्चा पाक-नापाकवर जाऊन थांबते. शाफई मसलक मानणाऱ्या कोकणी घरांत नियम जास्त कडक, हनफींमध्ये मुख्य प्रश्न लाळेचा. हे मतभेद जुने आहेत आणि ते त्यांच्या जागी राहू द्यावेत. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पाणी आणणाऱ्या माणसाची हदीसही याच परंपरेत आहे, आणि अस्हाबे कहफच्या कुत्र्याचा उल्लेख तर थेट कुरआनात आहे. कुत्रा घरात ठेवायचा की नाही, यावर वाद होऊ शकतो. मुक्या जिवाला इजा होऊ नये, यावर वाद नाही.

आमचा मानपाडा म्हणजे ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला टॉवर. प्रत्येक गेटवर दोन-तीन कुत्री असतातच. त्यांना भाकरी-बिस्कीट घालणारी माणसं सगळ्या धर्मांची आहेत. अलीकडे हीच माणसं औषधंही देऊ लागली आहेत. नियत चांगली आहे. पण बिस्कीट एखादं जास्त झालं तर बिघडत नाही, औषधाचं तसं नाही.

आधी धोका कोणता, ते पाहा

इंटरनेटवर कुत्र्यांच्या औषधांबद्दल जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतून आलेलं असतं. तिथं सगळ्यात मोठी भीती हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंताची. हा जंत डासामुळे पसरतो. डास चावल्यावर शरीरात शिरलेली अळी सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढते, हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहते आणि तीस सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकते. म्हणून तिथं दर महिन्याला प्रतिबंधक गोळी देतात.

भारतात हा जंत जास्त करून ईशान्येकडच्या राज्यांत सापडतो. आपल्या पट्ट्यात कुत्र्याला रोज पिडणारी गोष्ट गोचीड आहे. तिच्यामुळे होणाऱ्या तापाला सगळे ‘टिक फीवर’ म्हणतात. पण त्या एका नावाखाली एर्लिकिया आणि बबेसिया असे वेगवेगळे आजार येतात. एर्लिकियात प्लेटलेट्स उतरतात, नाकातून रक्त येऊ शकतं. बबेसियात रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लघवी गडद होते. दोन्हींवर उपचार वेगळे. वेळेवर झाले नाहीत तर कुत्रं दगावतं.

म्हणजे औषध न देणं हा सुरक्षित पर्याय नाही. ‘केमिकल नकोच’ म्हणणारे हे विसरतात. त्याऐवजी ते जे सुचवतात, ते तर जास्त घातक असतं. रॉकेल चोळल्यानं कातडी भाजते आणि चाटलं तर ते पोटात जातं. डांबरगोळ्या विषारी आहेत. लसूण नैसर्गिक असली तरी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींना इजा करते.

अर्धा एमएल म्हणजे किती?

आता गुरांच्या इंजेक्शनाकडे येऊ. ते बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिनचं असतं. हे औषध वाईट मुळीच नाही. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघालं आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. माणसांच्या हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेतही ते वापरतात. पण चांगल्या औषधावर भाबडा विश्वास बसला की काय होतं, तेही याच औषधानं दाखवलं. मे २०२१ मध्ये गोवा सरकारनं कोविड टाळण्यासाठी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याच्या उलट होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गेटवरच्या एका कुत्रीला कुणीतरी हे इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ती झोकांड्या खात होती, तोंडातून लाळ गळत होती, समोर हात हलवला तरी तिला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती एमएल दिलं? कुणालाच सांगता येईना. तिच्यावर जीव असलेले वॉचमनभाऊ मला म्हणाले, “मॅडम, औषध तर चांगलंच होतं ना? तबेल्यात म्हशींना तेच देतात.” ती सलाइनवर चार दिवस काढून वाचली. पण वॉचमनभाऊंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, आणि ते उत्तर साध्या गणितात आहे.

हार्टवर्म टाळण्यासाठी कुत्र्याला आयव्हरमेक्टिन लागतं महिन्यातून एकदा, किलोमागे साधारण ६ मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनात एका एमएलमध्ये असतात १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या कुत्र्याला लागणारं औषध ०.००६ एमएल. एक एमएलच्या बारीक सिरिंजवरची एक रेघ असते ०.०१ एमएलची. म्हणजे योग्य मात्रा त्या एका रेघेपेक्षाही कमी, ती मोजताच येत नाही. ‘अर्धा एमएल टोचा’ म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, त्र्याऐंशी पट.

खरजेसाठी डॉक्टर आयव्हरमेक्टिनची बरीच मोठी मात्रा देतात, हे खरं. पण ती कुत्रं पाहून, थोडी थोडी वाढवत देतात. कारण काही कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो. औषध मेंदूबाहेर ठेवणारी यंत्रणा त्यांच्यात चालत नाही. कोली जातीत हा दोष खूप आढळतो. अशा कुत्र्याला किलोमागे शंभरेक मायक्रोग्रॅमही बाधू शकतात. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगात कुठल्या जातीचं रक्त मिसळलंय, हे नुसतं पाहून कळत नाही. आणि आयव्हरमेक्टिनवर उतारा नाही. अंगातून उतरेपर्यंत जनावर सांभाळणं, एवढंच हातात राहतं.

आणखी एक. हार्टवर्मच्या गोळीतलं एवढंसं आयव्हरमेक्टिन गोचीड मारत नाही. एका औषधानं सगळं भागतं, हा समजच चुकीचा आहे. आणि ज्याच्या रक्तात आधीच त्या जंताच्या अळ्या आहेत, त्याला प्रतिबंधक औषध दिल्यावर रिॲक्शन येऊ शकते. म्हणून आधी रक्त तपासतात.

ती ‘नवी गोळी’

ज्या गोळीबद्दल फिटचा मेसेज फिरतो, ती आयसोऑक्साझोलिन गटातली. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर ही त्यातली औषधं. गोचीड किंवा पिसू चावली की रक्तातून औषध तिच्या पोटात जातं आणि तिच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. कीटकाची मज्जासंस्था या औषधाला कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील असते, म्हणून गोचीड मरते आणि कुत्रं सहसा ठीक राहतं.

सहसा, नेहमी नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला, की या गटातल्या औषधांनी काही जनावरांना थरथर, तोल जाणं किंवा फिट असे त्रास झाले आहेत आणि पूर्वी कधी फिट न आलेल्या जनावरालाही ती येऊ शकते. मेसेज इथपर्यंत बरोबर आहे. पण त्याच इशाऱ्यात पुढं होतं, की बहुतेक कुत्र्या-मांजरांना ही औषधं सुरक्षित आहेत आणि त्यांची मंजुरी कायम आहे. मेसेजमध्ये हे अर्धं वाक्य गळतं.

मग करायचं काय? ज्या कुत्र्याला आधी फिट आलेली आहे, त्याच्यासाठी डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारावा. काही गोळ्या महिनाभर चालतात, एक तीन महिने. एकदा पोटात गेलेली गोळी मागे घेता येत नाही, म्हणून पहिल्यांदा देताना कमी मुदतीची गोळी चालेल का, हेही विचारावं. पाकिटावर किमान वय आणि वजन लिहिलेलं असतं, ते वाचावं.

मंजुरी म्हणजे कायमचा दाखला नसतो, हे ध्यानात ठेवावं. हार्टवर्मवरचं मॉक्सिडेक्टिनचं एक सहा महिन्यांचं इंजेक्शन २००४ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं आणि २००८ मध्ये कडक अटींसह परत आलं. हे घडलं ते लोकांनी आणि डॉक्टरांनी त्रास नोंदवला म्हणून. आपल्याकडे कुत्रं मेलं की ‘नशीब’ म्हणून विषय संपतो. औषधाचं नाव, बॅच नंबर, तारीख, वजन कुणी लिहून ठेवत नाही. मग औषध दोषी होतं की मात्रा, हे कळणार कसं?

बकरा, मांजर आणि उरलेली बाटली

आता थोडं आपल्या घरांबद्दल. बकरी ईदच्या आधी देवनारहून बकरे येतात, त्यांच्या अंगावर गोचिड्या असतात. मग डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझची बाटली आणली जाते. ही पाण्यात पातळ करून लावायची औषधं. प्रमाण प्रत्येक जनावराचं वेगळं. ईद होते, बाटली उरते आणि खालच्या कुत्र्यावर अंदाजानं ओतली जाते. (कुर्बानीच्या जनावराला औषध दिल्यावर किती दिवस मांस खायचं नाही, हेही बाटलीवर असतं. ते किती जण वाचतात?)

दुसरी गोष्ट मांजराची. आपल्या घरांत मांजराचे लाड असतात. हजरत अबू हुरैरा यांचं हे नावच मांजरावरून पडलं, हे आपण मुलांना कौतुकानं सांगतो. पण कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला नाही. मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही. थरथर सुरू होते, फिट येते, जीव जातो. ‘छोटा कुत्रा आणि मांजर सारखंच’ असं दुकानातला पोऱ्या म्हणाला, तरी ऐकू नका.

तोलणार कोण?

माझं म्हणणं एवढंच, की ‘औषध सेफ आहे का’ हा प्रश्न अर्धा आहे. कोणत्या जनावराला, कोणत्या आजारासाठी, किती वजनाला किती, आणि दिल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवणारं कोण, हे सगळं विचारल्यावर तो पूर्ण होतो. तराजूच्या एका पारड्यात आजार आणि दुसऱ्यात औषध ठेवायचं असतं. मेसेज पाठवणारा एकच पारडं दाखवतो.

टॉवरमधल्या कुत्र्याला हा तराजू मिळतो. त्याचं वजन लिहिलेलं असतं, डॉक्टर ठरलेला असतो, गोळी दिल्यावर घरात कुणीतरी रात्रभर बघतं. गेटवरच्या कुत्र्याला चिकनच्या तुकड्यातून कुणीतरी गोळी देतं, संध्याकाळी दुसरा कुणी तीच देतो. कुत्री गाभण आहे का, हे कुणी पाहत नाही. महाग गोळी परवडत नाही म्हणून वॉचमनभाऊंसारखा माणूस तबेल्याच्या इंजेक्शनावर विसंबतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्याला दुसरं काही देऊ केलं कुणी?

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक, तिन्हींचा उल्लेख केला. नसबंदी आणि लस यांवर निदान चर्चा होते. जंतनाशक आणि गोचीड या गोष्टी मात्र दया करणाऱ्यांच्या अंदाजावर सोडलेल्या आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. जनावरावर इलाज करणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम, असं तो सांगतो. मेडिकलवाल्याचं नाही, आणि माझ्यासारख्या मास्तरणीचंही नाही.

मास्तरणीचं काम गणित शिकवण्यापुरतं. सोसायटीत कुणाकडे तरी वजनकाटा असतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा, वजाबाकी करा. वजन, तारीख, औषध आणि देणाऱ्याचं नाव वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहा, म्हणजे तीच गोळी दोनदा जाणार नाही. केबिनच्या भिंतीच्या फटीही साफ करा. गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही, अशा फटींत घालते, तीही हजारोंनी. आणि पावसाआधी दहा घरांनी वर्गणी काढून एकदा डॉक्टरांना गेटवर बोलवा. गणपतीची, ईदची वर्गणी आपण काढतोच, त्यापेक्षा ही बरीच कमी असेल.