'सिस्टिमॅटिक' म्हणताना

'सिस्टिमॅटिक' हे इंग्रजी विशेषण आमच्या सीमाभागातील निवेदनांत अलीकडे फार सढळपणे येऊ लागले आहे. 'मराठीची सिस्टिमॅटिक गळचेपी', 'सिस्टिमॅटिक अन्याय', एका मसुद्यात तर 'सिस्टिमॅटिक दिरंगाई'! हे मसुदे लिहिणाऱ्या आमच्या तरुण मित्रांचा संताप खरा आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हा शब्द लिहिणाऱ्याच्या अंगावर जी जबाबदारी टाकतो, ती पेलण्याइतका पुरावा निवेदनास क्वचितच जोडलेला असतो.

शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे: आखलेल्या योजनेनुसार, क्रमाने, मधले काही न गाळता केलेले. 'मेथॉडिकल' हा त्याचा जवळचा नातलग. पण तो बहुधा माणसाच्या स्वभावाला लागतो. प्रत्येक कागदाला क्रमांक घालून, दोरा ओवून दप्तर बांधणारा कारकून मेथॉडिकल. अभ्यास, तपासणी, दरमहा ठराविक रकमेची गुंतवणूक ही मात्र सिस्टिमॅटिक. 'मेथड'च्या ग्रीक मुळात 'वाट' हा अर्थ आहे आणि आपल्या 'पद्धति' या शब्दातही पावलांनी तुडवून झालेली वाटच दडलेली आहे. तेव्हा 'पद्धतशीर' हा प्रतिशब्द दोहोंस चांगला शोभतो. एवढेच नव्हे, तर 'पद्धतशीर अभ्यास' यातील प्रशंसा आणि 'पद्धतशीरपणे काटा काढला' यातील कपट असे दोन्ही रंग मराठी शब्दातही आहेत. भाषांतराची अडचण नाहीच. अडचण आरोपाची आहे.

कायद्यात हा शब्द किती तोलून वापरतात पाहा. १९९८ च्या रोम संविधीचा ७ वा अनुच्छेद मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी नागरी लोकसंख्येवरील हल्ला 'व्यापक अथवा पद्धतशीर' असावा असे म्हणतो. त्यातील 'पद्धतशीर'चा अर्थ आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांनी असा लावला की, कृत्ये संघटित असावीत आणि ती योगायोगाने घडली असण्याचा संभव नसावा. आमच्या गाऱ्हाण्याची बरोबरी त्या भीषण गुन्ह्यांशी करण्याचा हेतू मुळीच नाही; केवळ शब्दाचे वजन दाखवावयाचे आहे.

विज्ञानात याच विशेषणाला हेतूचा वास नाही. तराजू कधी कमी, कधी अधिक दाखवीत असेल तर ती यादृच्छिक चूक; दर वेळी ५० ग्रॅम कमीच दाखवीत असेल तर ती सिस्टिमॅटिक चूक. तराजूच्या मनात पाप नसते. पण 'मराठीची सिस्टिमॅटिक गळचेपी' असे लिहिले की वाचणारा अधिकारी त्यातून एवढेच काढतो की, काटा कोणीतरी जाणूनबुजून वाकविला, असे तुमचे म्हणणे आहे. मग तो विचारतो: कोणी? केव्हा? आदेश कोठे आहे? आणि येथे आमचे निवेदन बहुधा मुके होते.

अशा वेळी जवळचाच दुसरा शब्द कामी येतो: 'सिस्टिमिक', म्हणजे व्यवस्थागत. दोष व्यवस्थेच्या घडणीत मुरलेला आहे, मग तो कोणी योजलेला असो वा नसो, एवढेच तो सांगतो. सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या कायम नियुक्तीसंबंधी नितिशा खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरकरणी तटस्थ दिसणाऱ्या निकषांचा परिणाम तपासला. अप्रत्यक्ष भेदभाव ठरविण्यास हेतू सिद्ध होणे आवश्यक नाही, असे मानले. भाषिक अल्पसंख्याकांसाठी या निकालाचे महत्त्व आमच्याकडे अद्याप पुरते ओळखले गेलेले नाही, असे आमचे मत आहे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आणि ३५०ख आले. पहिला मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयी, दुसरा भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याविषयी. त्या अधिकाऱ्याकडे जाताना कट सिद्ध करण्याची आवश्यकता नसते. मराठीत किती अर्ज दिले, किती अर्जांना मराठीत उत्तर मिळाले, कोणत्या शाळेत मराठी शिक्षकाची जागा कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, हा तक्ता पुरतो. 'व्यवस्थागत' या शब्दामागे तो तक्ता उभा राहतो. 'पद्धतशीर' म्हणावयाचे तर परिपत्रक हवे, अंतर्गत आदेश हवा, निदान निरनिराळ्या कार्यालयांतून एकाच साच्याची, शब्दशः सारखी नकारपत्रे तरी हवीत. ती हाती असतील तर 'पद्धतशीर' अवश्य लिहावे, ठळक लिहावे.

वर उल्लेखिलेला 'दिरंगाई'चा मसुदा आम्ही लाल शाईने खुणा करून परत केला, तेव्हा एका मित्राने तक्रार केली, "वकीलसाहेब, धार गेली की हो!" आम्ही त्याच्याकडे त्या नकारपत्रांच्या नकला मागितल्या. तीन निघाल्या. तिन्हींवर निरनिराळ्या तारखा होत्या आणि मजकूर स्वल्पविरामासह एकच होता. तेथे आम्ही स्वतःच्या हाताने खोडलेला शब्द पुन्हा लिहिला, फक्त 'दिरंगाई'च्या जागी 'नकार' घातला.