काहीही न बदलता ‘सेव्ह’

डेटाबेसमधली माहिती फॉर्ममध्ये आधीच भरून देणं ही आता कुणावर मेहेरबानी राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मानकाने, एका प्रक्रियेत एकदा दिलेली माहिती वापरकर्त्याला पुन्हा टाइप करायला लावू नये, हा निकष थेट ‘ए’ पातळीवर घातला. तरीही हे काम आपल्याकडे नवशिक्याच्या गळ्यात पडतं. क्वेरी चालवली, रेकॉर्ड आणलं, व्हॅल्यूत टाकलं, झालं!

गोम पुढे आहे. भरलेला फॉर्म सहसा कुणी वाचत बसत नाही. वापरकर्ता फोन नंबर बदलतो, ‘सेव्ह’ दाबतो. आणि आपला कोड पानावरचे सगळेच रकाने डेटाबेसात पुन्हा लिहितो.

समजा, पत्ता आहे "मातृछाया", टिळक पथ. तो एस्केप न करता दुहेरी अवतरणातल्या व्हॅल्यूत टाकला, की पत्त्यातल्या पहिल्याच अवतरणचिन्हाशी ब्राउझर थांबतो. रकाना कोरा दिसतो, आणि सेव्ह होताच पत्ता खरोखरच जातो. याच फटीतून परक्याची स्क्रिप्टही आत शिरू शकते. तारखेच्या इनपुटला वर्ष-महिना-दिवस हाच क्रम लागतो. ०५/०६/१९९० दिलं तर तोही रकाना कोराच. डिसेबल्ड रकाना ब्राउझर पाठवतच नाही. न आलेला रकाना सर्व्हरने रिकामा धरला, की आणखी एक नोंद पुसली गेली. सकाळी उघडून ठेवलेला टॅब संध्याकाळी सेव्ह केला, तर मधल्या वेळात दुसऱ्याने केलेली दुरुस्तीही पुसली जाते. हे टाळण्यासाठी रेकॉर्डला आवृत्ती क्रमांक हवा, आणि बदललेलेच रकाने लिहावेत.

आधीच भरलेली माहिती चुकीची असेल, तर वापरकर्त्याला हरकत घेण्याची सोयही हवी. आयकर विभागाने नोव्हेंबर २०२१मध्ये आणलेल्या एआयएस या करदात्याच्या वार्षिक माहितीपत्रकामध्ये माहिती कुणाकडून आली ते दिसतं, तिच्यावर अभिप्राय देता येतो, आणि मूळ व सुधारित रक्कम वेगवेगळी राहते. विवरणपत्रात आकडे आधीच भरून आले तरी त्यांची जबाबदारी करदात्याचीच असते, म्हणून ही सोय महत्त्वाची.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक एडिट फॉर्मसाठी एक चाचणी सक्तीची करा: अवतरणचिन्हं, जोडाक्षरं, रिकामी मूल्यं असलेलं रेकॉर्ड उघडा, कशालाही हात न लावता सेव्ह करा, आणि डेटाबेसातली आधीची व नंतरची ओळ ताडून पाहा. एका अक्षराचाही फरक पडला, तर तो फॉर्म लाइव्ह करू नका.