साक्षीदार 'फितूर' होतो, की एकटा पडतो?

'साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष.' ही बातमी इतक्यांदा वाचलीय की आता तिचं काही वाटत नाही. पण दगा नेमका कुणी कुणाला दिला?

बेस्ट बेकरी आठवा. २००२ मध्ये वडोदऱ्यात १४ जणांना मारलं. साक्षीदार उलटले, २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. मुंबईतही काही साक्षीदार उलटले, पण जखमी कामगार टिकले. २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. त्यातल्या चौघांची शिक्षा २०१२ मध्ये उच्च न्यायालयातही कायम राहिली. घटना तीच, फक्त न्यायालयाची जागा बदलली.

अमेरिकेत १९७० पासून यासाठी कायदा आहे. नवं नाव, नवं गाव, नवी कागदपत्रं. कुटुंबीय धरून १९ हजारांवर लोकांना हे संरक्षण मिळालंय. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. दोन एकर जमीन, विहीर आणि भावकी सोडून आपला साक्षीदार जाणार कुठे? तिथे संरक्षण घेणारे बहुतेक जण टोळीतलेच असतात. आपल्याकडे तो साधा शेजारी असतो.

पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे तपास एफबीआय करते, संरक्षण मार्शल्स देतात. दक्षिण आफ्रिकेनेही १९९८ च्या कायद्याने यासाठी वेगळं कार्यालय काढलं. तपास करणारा आणि सांभाळणारा वेगळा.

आपल्याकडे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो, हे चांगलंच. पण धोका किती, हा अहवाल त्याच भागातले पोलीस उपअधीक्षक देतात. आणि आरोपीची ऊठबस त्याच पोलीस ठाण्यात असली तर? शिवाय संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने. खटला मात्र वर्षानुवर्षं!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार अशी योजना करणं प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहे. मग ती करताना धोक्याचा अहवाल जिल्ह्याबाहेरच्या यंत्रणेकडे द्या, आणि साक्ष होईपर्यंत संरक्षण काढू नका. एवढं तरी करा.

आपल्या आमदारांना एक प्रश्न विचारा: आपल्या जिल्ह्यात संरक्षणासाठी किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले? उत्तर मिळालं तर इथे नक्की लिहा. नाही मिळालं, तरी लिहा.